सिंथच्या पॉवर सप्लायला कपॅसिटर कोणते घ्यावेत?

मंद्रसप्तक (पुणे)

नमस्कार मंडळी. युरोरॅक पद्धतीचा मॉड्युलर सिंथ (सुटी मॉड्यूल तारांनी जोडून बनणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) घरी बांधायला घेतला आहे. दोन ऑसिलेटर, एक फिल्टर, दोन व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारे), एन्व्हलप, मिक्सर आणि एक छोटा सीक्वेन्सर. सगळ्या मॉड्यूलचा करंट कागदावर मांडला तर +१२ व्होल्टवर सुमारे ६०० मिलिअँपिअर आणि -१२ वर ४५० येतो.

पॉवर सप्लाय मुद्दाम जुन्या पद्धतीचा, लिनिअर करणार आहे: १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ७८१२ आणि ७९१२ (+१२ आणि -१२ स्थिर ठेवणारे रेग्युलेटर). गाडी अडली आहे ती कपॅसिटरवर. एका सर्किटमध्ये ब्रिजनंतर १००० मायक्रोफॅरड आहे, दुसऱ्यात ४७००, तिसऱ्यात थेट १००००. तापकीर गल्लीतले दुकानदार म्हणाले, "१०००/२५ चा (१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट) कंडेन्सर लावा, सगळे तोच नेतात."

तर किती मायक्रोफॅरड, किती व्होल्टचा आणि कोणत्या जातीचा? 'ऑडिओ ग्रेड' म्हणून जे महाग विकतात त्याने आवाजात फरक पडतो का? हा सिंथ मला खर्जासाठी वापरायचा आहे, तंबोऱ्यासारखा सतत सूर धरून. त्यामुळे घरघर अजिबात नको.

गोदाकाठ (नाशिक)

चांगला प्रश्न. याचं उत्तर चवीवर नाही, गणितावर आहे.

ब्रिजनंतरचा मोठा कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ब्रिजमधून सेकंदाला १०० वेळा पाणी येतं. मधल्या काळात सिंथ टाकीतूनच पितो आणि पातळी उतरते. ही उतरण म्हणजे रिपल. ढोबळ सूत्र: करंट भागिले (१०० गुणिले कपॅसिटन्स). करंट अँपिअरमध्ये, कपॅसिटन्स फॅरडमध्ये.

तुमच्या ०.६ अँपिअरला:
१००० मायक्रोफॅरड लावला तर ६ व्होल्ट
२२०० लावला तर २.७ व्होल्ट
४७०० लावला तर १.३ व्होल्ट

प्रत्यक्षात थोडं कमी येतं, कारण टाकी पूर्ण दहा मिलिसेकंद रिकामी होत नाही. पण हिशेब वाईटात वाईट धरूनच करावा. १००० तुम्हाला पुरणार नाही, हे उघड आहे.

खटपट्या

रुमाल टाकून (जागा धरून) ठेवतोय. माझाही बोर्ड अर्धवट पडला आहे.

बुधवारपेठी (पुणे)

@गोदाकाठ, सूत्र बरोबर आहे, पण त्या दुकानदाराला नावं ठेवू नका. त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक छोटा ॲम्प्लिफायर नाहीतर चार्जर दुरुस्त करणारं असतं, त्यांना १००० चालतो. रेडिओ-टेप दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या मते यांना २२०० पुरे. रेग्युलेटर कशासाठी लावतो आपण? वरचा रिपल तो खाऊनच टाकतो.

एक मात्र सांगतो, कुठलाही घ्या पण अस्सल घ्या. बाजारात मोठ्या नळकांड्यात छोटा कपॅसिटर घालून वर नवं प्लास्टिकचं आवरण चढवलेले माल फिरतात. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला तर ठेवून द्या. घरी आणल्यावर कंपोनंट टेस्टरवर मोजा. ४७०० लिहिलंय आणि मीटर १८०० दाखवतो असं झालं की परत करायला जा. पावती घ्यायला लाजू नका.

गोदाकाठ (नाशिक)

@बुधवारपेठी, रेग्युलेटर रिपल खातो, मान्य. पण त्याला खायला वाव हवा ना! ७८१२ ला इनपुट आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतं, म्हणजे १४. उतरणीच्या तळाशी व्होल्टेज १४ च्या खाली गेलं की रेग्युलेटर हात टेकतो आणि तेवढा खड्डा जसाच्या तसा आउटपुटवर उमटतो.

आता १२-०-१२ घ्या. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७, त्यातून डायोडचा सुमारे १ गेला, उरले १६. तुमचे २२०० लावले तर तळ १३.३. घरघर सुरू. ४७०० लावले तर १४.७, कसाबसा निभाव.

नवीन घेताय म्हणून अजून एक: नाशिकलाच अल्कॉनचे ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक बनतात, केरळात केल्ट्रॉनचे. ओळखीच्या वितरकाकडून हे मिळाले तर जपानी नावाचा संशयास्पद माल घेण्यापेक्षा हजार पटीने बरे.

शिवारातला_सिंथ

मंडळी, हे सगळं २३० व्होल्ट धरून चाललंय. आमच्याकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की घरात १९० असतात. मीटर लावून पाहिलेलं आहे.

१९० ला १२ चा ट्रान्सफॉर्मर ९.९ देणार. शिखर १४, डायोड वजा जाता १३. म्हणजे टाकी विहिरीएवढी बांधली तरी ७८१२ ला हवे ते १४ कधी मिळणारच नाहीत. दुपारी सूर छान लागतो आणि दिवेलागणीला सिंथ घरघरतो, असं ज्यांचं होतं त्यांनी कपॅसिटर बदलत बसू नये. ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घ्यावा.

त्याच १९० ला १५ चा १२.४ देतो. शिखर १७.५, डायोडनंतर १६.५, ४७०० चा रिपल १.३ गेला तरी तळ १५.२. आमच्याकडेही चालतो. २२०० असता तर १३.८, परत अडचण.

बुधवारपेठी (पुणे)

हा मुद्दा बिनतोड आहे. शहरात बसून १९० चा विचार मी केला नव्हता. २२०० चा आग्रह मागे घेतो. पण १५-०-१५ ने रेग्युलेटर तापणार हे लक्षात असू द्या.

मंद्रसप्तक (पुणे)

वा, इतक्या लवकर इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं! म्हणजे १५-०-१५ आणि ४७००. मग शिखर २१.२ येतं, २५ व्होल्टचा कपॅसिटर पुरेल ना?

मापकाटा (मुंबई)

नाही पुरणार. खालची बाजू शिवारातला_सिंथ यांनी सांगितली, मी वरची सांगतो.

आपल्याकडे २३० ला दहा टक्के वर-खाली धरतात, म्हणजे २०७ ते २५३. शिवाय ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १५ व्होल्ट हे पूर्ण लोडवरचे असतात. छोटा ट्रान्सफॉर्मर रिकामा चालला की सहज १५ टक्के जास्त देतो. दोन्ही एकत्र आले की १५ चे १९ होतात, आणि शिखर डायोडनंतर २६ च्या घरात जातं. मॉड्यूल न जोडता रात्री उशिरा नुसता सप्लाय चालू करून तपासाल तेव्हा नेमकं हेच घडेल. २५ चा कपॅसिटर तेव्हा मर्यादेबाहेर असेल. ३५ चा घ्या. ५० चा मिळाला आणि डब्यात मावला तर तोही उत्तम.

दुसरं, डेटाशीटमध्ये 'रिपल करंट' म्हणून एक आकडा असतो, तो कोणी बघत नाही. ब्रिजमधून करंट सलग येत नाही, शिखराच्या आसपास जोरदार धक्क्यांनी येतो. त्यामुळे कपॅसिटरमधून जाणारा आरएमएस करंट लोडच्या दीड-दोन पट असतो. तुमच्या ०.६ ला १.२ अँपिअर धरा आणि तो आकडा त्याहून मोठा आहे ना ते पाहा. याच करंटने कपॅसिटर आतून तापतो, वाळतो आणि मरतो.

तिसरं, १०५ अंशांचाच घ्या. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ ला २००० तासांचा कपॅसिटर ६५ ला ३२००० तास जायला हरकत नाही. आणि तो हीटसिंकला चिकटवून बसवू नका. एवढा चांगला माल आणून शेजारी शेगडी ठेवायची, असं बऱ्याच बोर्डांवर पाहतो.

चिंचपोकळी_लोकल

आमच्या आईने ४७००/५० चा कपॅसिटर बघून विचारलं, "हा सेल कुठल्या टॉर्चचा?" तिला आता हा धागा वाचून दाखवतो.

टोरांटोकाका

इथे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. टाकी सेकंदाला १२० वेळा भरते, म्हणून त्याच ४७०० ला माझा रिपल १.३ ऐवजी १.१ येतो. म्हणजे अमेरिकन-कॅनेडियन सर्किट जसंच्या तसं भारतात बांधलं की रिपल वीस टक्के वाढतो. काठावरच्या डिझाइनला तेवढंही भोवतं.

@मंद्रसप्तक, तुमच्या खर्जासाठी एक गंमत. भारतातली १०० हर्ट्झची घरघर पेटीवरच्या पांढरी पाचच्या जवळ पडते, खालच्या सप्तकात, पण सुमारे ३५ सेंट (सुरातला बारीक फरक मोजायचं माप) चढी. माझी १२० ची काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. दोन्ही बेसूरच.

मंद्रसप्तक (पुणे)

अहो काका, पांढरी पाचलाच लावायचा होता खर्ज! आता तर घरघर नकोच नको.

सुरेल_कान (गोवा)

ऑडिओ ग्रेडचा प्रश्न मागे पडला. मी माझ्या प्रीॲम्पच्या सप्लायमध्ये साधे कपॅसिटर काढून महागडे ऑडिओ ग्रेड लावले तेव्हा आवाज मोकळा झाला. मी रोज ऐकतो, मला कळतं. सगळंच सूत्रात बसत नाही.

मापकाटा (मुंबई)

@सुरेल_कान, तुमच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण जुने कपॅसिटर किती वर्षांचे होते? वाळलेला काढून कोणताही ताजा लावला तरी आवाज मोकळा होतो. तुलना करायची तर नवा साधा आणि नवा महागडा अशी करायला हवी.

रेग्युलेटरच्या आधीच्या जागी मला तरी ऑडिओ ग्रेडला एक रुपयाही जास्त द्यावासा वाटत नाही. तिथे आवाज नसतोच, फक्त साठा असतो. ७८१२ चं रिपल रिजेक्शन (रिपल दाबण्याची ताकद) सर्वसाधारण ७२ डेसिबल. १.३ व्होल्टचा रिपल त्यातून गेला की जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट उरतो. डेटाशीटमधली किमान हमी मात्र ५५ डेसिबलची आहे, तेव्हा २.३ मिलिव्होल्ट.

सिंथमध्ये हे आकडे ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त महत्त्वाचे. इथे सूर व्होल्टेजने ठरतो: एका सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एका सेंटला ०.८३ मिलिव्होल्ट. ऑसिलेटरची ट्यूनिंगची नॉब थेट +१२ वरून व्होल्टेज घेत असेल तर सप्लायवरचा रिपल सुरातच शिरतो. ही घरघर आवाजाच्या मागे बसत नाही, सूरच कापरा करते. नंतर कुठलाही फिल्टर लावून ती निघत नाही. खर्ज धरणाऱ्याने पैसे इथे घालावेत: ऑसिलेटरच्या नॉबला वेगळा, स्वच्छ रेफरन्स द्यावा.

सुरेल_कान (गोवा)

जुने बरेच जुने होते, हे खरं. नव्याला नवा लावून ऐकेन आणि मग लिहीन. सूर कापरा होण्याचा मुद्दा पटला. अशी घरघर गायकाच्या कानाला ॲम्प्लिफायरच्या घरघरीपेक्षा जास्त टोचेल.

तारतम्य (अहमदाबाद)

थोडं विषयांतर. खर्ज आणि सिंथ म्हटलं की मला आमच्या गावचं आठवतं. इथल्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथसाइझरचा स्टुडिओ उभा केला होता. मूगचा पहिला मॉड्युलर १९६४ चा, म्हणजे पाचच वर्षांत तो भारतात पोचला. तेव्हाच्या ऑसिलेटरचा सूर तापमानाने आणि सप्लायने हलायचा, म्हणून वाजवण्याआधी तो बराच वेळ तापू द्यावा लागे. आपण आज ७८१२ दुकानातून सहज आणतो, याचं मोल तेव्हाच्यांना विचारावं.

खटपट्या

@तारतम्य, यावर वेगळा धागा काढा, कृपया. वाखूसा (वाचनखूण साठवा) करायला पहिला मी.

एक शंका. १५-०-१५ नि ४७०० हे समजलं. पण १०००० लावला तर अजूनच बरं नाही का? टाकी जेवढी मोठी तेवढी चांगली.

गोदाकाठ (नाशिक)

टाकी मोठी झाली तरी खालून येणारा पाइप तोच आहे. पातळी कमी उतरते, म्हणून भरण्याचा काळ आणखी आखडतो, आणि तेवढ्याच वेळात तेवढंच पाणी भरायला धक्का जास्त मोठा बसतो. ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, गुणगुणतो. चालू करताना रिकाम्या कपॅसिटरला जो करंट लागतो त्यात फ्यूज उडू शकतो. ब्रिजला १एन४००७ ऐवजी १एन५४०८ डायोड वापरा, एकदम आलेला धक्का ते कितीतरी जास्त सोसतात. शिवाय १.३ चा रिपल ०.६ करून रेग्युलेटरनंतर फरक पडणार तो मिलिव्होल्टच्या दशांशांत. तेवढ्यासाठी हा खटाटोप नको.

आणि ट्रान्सफॉर्मर २ अँपिअरचा घ्या. ०.६ डीसीसाठी एसी बाजूला अँपिअरच्या पुढे जातं, शिवाय मॉड्यूल वाढतातच. कोणाचा सिंथ पहिल्या यादीवर थांबलाय?

मापकाटा (मुंबई)

सगळे मोठ्या कपॅसिटरवर बोलतायत, पण सप्लाय बिघडतात ते छोट्यांवर. विशेषतः ७९१२ वर.

७८१२ स्वभावाने शांत. इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड, झालं. ७९१२ ची आतली रचना वेगळी आहे. त्याला आउटपुटवर कपॅसिटर लागतोच, नाहीतर तो स्वतःच ऑसिलेट करतो. १ मायक्रोफॅरड टँटॅलम किंवा २५ मायक्रोफॅरड ॲल्युमिनियम, असं डेटाशीट सांगतं. इनपुटलाही २.२ टँटॅलम किंवा २५ ॲल्युमिनियम, पायाच्या अगदी जवळ. मोठा ४७०० चार इंच वायरच्या टोकाला असेल तर तो या कामाचा नाही. मी दोन्ही बाजूंना ४७/३५ चे साधे इलेक्ट्रोलिटिक लावतो आणि शेजारी ०.१ सिरॅमिक. टँटॅलम टाळतो. उलटा लागला किंवा व्होल्टेजची उसळी आली तर तो पेट घेतो. लावायचाच असेल तर १२ साठी २५ चा घ्या.

एलएम३१७ आणि एलएम३३७ ची जोडी (व्होल्टेज बदलता येणारे रेग्युलेटर) वापरणाऱ्यांना: ३३७ लाही आउटपुटवर १ टँटॅलम किंवा १० ॲल्युमिनियम सक्तीचा. ॲडजस्ट पायावर १० मायक्रोफॅरड लावला तर ३१७ चं रिजेक्शन ६५ वरून ८० डेसिबलपर्यंत जातं. इतक्या स्वस्तात इतका फायदा दुसरीकडे मिळत नाही. त्यासोबतचे संरक्षक डायोड विसरू नका.

लो-ड्रॉपआउट (इनपुट थोडंच जास्त असलं तरी चालणारे) रेग्युलेटर घेणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. एलएम२९४० सारख्यांना आउटपुट कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध) ठरावीक पट्ट्यात हवा असतो. तिथे चांगला म्हणून सिरॅमिक लावला की ईएसआर फारच कमी होतो आणि तो थरथरायला लागतो.

शिवारातला_सिंथ

आणि ऋण बाजूला कपॅसिटरची धन तार ग्राउंडला! नवीन मुलांना हे पहिल्यांदा सांगावं लागतं. बोर्डवर दोन्ही मोठे कपॅसिटर एकाच दिशेने बघताना दिसले की वीज देण्याआधी थांबून परत तपासा.

टोरांटोकाका

सिरॅमिकवरून आठवलं. छोटे १०/१६ चे एसएमडी सिरॅमिक लावून १० मायक्रोफॅरड मिळाले असं समजू नका. एक्स५आर, एक्स७आर जातीत डीसी व्होल्टेज चढलं की कपॅसिटन्स घटतो. छोट्या आकारात १२ व्होल्टवर निम्म्याहूनही कमी उरू शकतो. ०.१ साठी एक्स७आर ५० व्होल्टचा ठीक. वाय५व्ही घेऊच नका. ऑसिलेटरच्या टायमिंगला मात्र सी०जी जातीचा सिरॅमिक किंवा फिल्म, एक्स७आर तिथे चालणार नाही.

ओव्हरटाइम

तुम्ही लोक इतका त्रास का घेता? मीन वेलचा आरटी-६५बी घ्या, +५, +१२, -१२ तिन्ही एका डब्यात. ट्रान्सफॉर्मर नको, ४७०० नको.

बुधवारपेठी (पुणे)

चांगला माल आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात -१२ चा करंट +१२ च्या मानाने बराच कमी असतो, आणि अशा तीन-आउटपुट सप्लायमध्ये मुख्य नियमन बहुधा ५ व्होल्टवर असतं. यांना ऋण बाजूला ४५० हवेत. आणि शिकायची हौस आहे त्यांना, शिकू द्या.

ओव्हरटाइम

शिकण्याबद्दल दुमत नाही. मग मेन्सच्या बाजूबद्दलही कोणीतरी बोला. इतक्या प्रतिसादांत फ्यूज कुठे लावायचा, अर्थिंग, स्विच यांवर एक ओळ नाही.

बुधवारपेठी (पुणे)

बरोबर बोललात. तीन पिनचा सॉकेट, फेज तारेवर फ्यूज, धातूचा डबा अर्थला पक्का जोडलेला, प्रत्येक २३० च्या टाक्यावर श्रिंक ट्यूब. मेन्सवर फिल्टरसाठी कपॅसिटर लावायचा तर एक्स२ लिहिलेलाच, २७५ व्होल्ट एसीचा. ४०० व्होल्ट डीसीचा पॉलिस्टर तिथे चालत नाही. आणि मोठ्या कपॅसिटरवर एलईडी नि रेझिस्टर लावा, बंद केल्यावर साठा उतरतो आणि डोळ्यांना दिसतो. पहिल्यांदा चालू करताना जवळ जाणतं माणूस असू द्या.

गोदाकाठ (नाशिक)

घरघरीचं शेवटचं आणि सगळ्यात हमखास कारण राहिलं: ग्राउंड कुठून घेता. ट्रान्सफॉर्मरची मधली तार आधी दोन मोठ्या कपॅसिटरच्या सांध्यावर न्या. भरण्याचे धक्के तेवढ्याच तुकड्यातून फिरतात. सिंथचं ग्राउंड तिथून पुढे, रेग्युलेटरच्या ग्राउंडपासून घ्या. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या मधून घेतलंत तर ते धक्के तारेच्या रोधावर मिलिव्होल्ट तयार करतात आणि थेट आवाजात येतात. कितीही महाग कपॅसिटर लावा, ती घरघर जात नाही.

मंद्रसप्तक (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी बाजारात जाणार. यादी अशी झाली: १५-०-१५ दोन अँपिअर, १एन५४०८ चार, ४७००/३५ चे १०५ अंशांचे दोन, ४७/३५ चे चार, ०.३३ आणि ०.१, आणि प्रत्येक मॉड्यूलला १० ओहमचा रेझिस्टर नि २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

दोन प्रश्न उरले. मॉड्यूलवरचे ते १० ओहम-२२ मायक्रोफॅरड घरघर कमी करतील का? आणि दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर लावले तर चालेल?

मापकाटा (मुंबई)

घरघर नाही कमी होणार. १० आणि २२ ची जोडी सुमारे ७२० हर्ट्झच्या वर काम करते, १०० तिच्या हातात येत नाही. ती आहे ती सीक्वेन्सरची टिकटिक ऑसिलेटरपर्यंत जाऊ नये म्हणून. त्यासाठी जरूर लावा.

एका हीटसिंकवर चालेल, पण अभ्रकाची चकती आणि प्लास्टिकचा बुश दोन्हींना लावा. ७८१२ ची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ ची इनपुटला, म्हणजे तुमच्याकडे -२० व्होल्ट. पायही वेगळे: ७८१२ चे इनपुट-ग्राउंड-आउटपुट, ७९१२ चे ग्राउंड-इनपुट-आउटपुट. बसवल्यावर वीज देण्याआधी मीटरने पाठ आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी नाही ना, बघा. ७८१२ वर साडेचार-पाच वॅट जिरणार आहेत, हीटसिंक तळहाताएवढा तरी घ्या.

बुधवारपेठी (पुणे)

शनिवारी मीही पासोड्या विठोबापाशी असतो सकाळी. टेस्टर घेऊन येईन, कपॅसिटर दुकानातच मोजून घेऊ.